घरी केलेल्या भेटी आणि काटकसरीचा नाताळ: तयारी कधीपासून, कशी?

सुईदोरा

नाताळच्या खर्चाचा मोठा भाग शेवटच्या आठ-दहा दिवसांत होतो. त्या दिवसांत आपण माणसासाठी वस्तू शोधत नाही, यादीतलं नाव खोडण्यासाठी शोधतो. समोर दिसेल ते, मिळेल त्या भावात. खिशाला चाट बसते ती बसतेच, आणि वस्तूही बऱ्याचदा ज्याला दिली त्याच्या कपाटात तशीच पडून राहते. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

काटकसरीला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हाताशी असलेला वेळ. माझ्याकडे एक वही आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यात नावं लिहायची. प्रत्येक नावापुढे ते माणूस रोज काय वापरतं, काय खातं, त्याला कशाची हौस आहे हे लिहायचं. 'काय द्यायचं' हा रकाना मुद्दाम रिकामा ठेवायचा. बोलता बोलता कुणी म्हणतं, 'माझे पाय थंडीत फार गार पडतात', की घरी येऊन ते वहीत टिपायचं. महिनाभरात तो रकाना आपोआप भरतो.

मग कामाचा क्रम. घरी केलेल्या प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा वेळ लागतो आणि तो आपल्या घाईने कमी होत नाही. कॉस्टिक सोड्याचा, न शिजवता केलेला साबण साच्यातून काढल्यावर चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो, म्हणजे तो ऑक्टोबरातच ओतलेला बरा. व्हॅनिलाचा अर्क उतरायला किमान दोन महिने. फळांच्या केकसाठी बेदाणे, मनुका, संत्र्याची साल रममध्ये आधीपासून मुरवून ठेवता येतात. रम नको असेल तर संत्र्याचा रस चालतो, पण तो फ्रीजमध्ये आणि केकच्या एक-दोन दिवस आधीच. सोया मेणाच्या सुगंधी मेणबत्त्या ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे ठेवल्या की पेटवल्यावर वास नीट पसरतो. बिस्किटं मात्र शेवटच्या आठवड्यातली. म्हणून 'सोपं आधी की अवघड आधी' हा विचार मी करत नाही. ज्याला जास्त दिवस लागतात ते आधी, एवढंच.

आणि वस्तूंचे प्रकार कमी ठेवायचे. बारा माणसांसाठी बारा वेगळ्या गोष्टी करायला घेतल्या की सामानही बारा प्रकारचं लागतं आणि प्रत्येकातलं थोडं थोडं उरतं. दोनच प्रकार, पण मन लावून केलेले. माणसागणिक रंग, वास, चव बदलता येते.

तुम्ही काय करता? कधी सुरू करता? सविस्तर लिहा.


मोगराकळी

छान धागा. खूण करून ठेवतेय.

मला विणता येत नाही, साबणाची भीती वाटते, ओव्हन छोटा आहे. माझ्यासारखीने काय करावं? यादीत चौदा नावं आहेत.


हिशेबनीस

धागा आवडला, पण एक गोष्ट सुरुवातीलाच बोलून घेऊ. घरी केलेली वस्तू स्वस्त पडतेच असं नाही. मेणबत्त्यांचं उदाहरण घ्या. मेण, वाती, सुगंधी तेल, काचेचे ग्लास, तापमापक. पहिल्या खेपेला हे सगळं नव्याने आणलं आणि चारच मेणबत्त्या केल्या, तर एकेक मेणबत्ती तयार मिळते तिच्यापेक्षा महाग पडते. तेच सामान पुरतं वापरून वीस केल्या तर गणित उलटं होतं. म्हणजे एक तर पुरेशा संख्येने करा, नाहीतर दोघी-तिघींनी मिळून सामान आणून वाटून घ्या.

माझा नियम असा की ज्या कामाची हत्यारं घरात आहेत तेच काम नाताळसाठी निवडायचं. शिवणयंत्र असेल तर शिवण. ओव्हन असेल तर भाजणं. नुसती कात्री आणि डिंक असेल तर कागदकाम. नवा छंद लावून घ्यायचा तर तो फेब्रुवारीत लावावा, नोव्हेंबरात नव्हे.

दुसरं म्हणजे, गेल्या नाताळला एकूण किती खर्च झाला तो आकडा शोधून काढा. भेटी, खाणं, सजावट, प्रवास, पार्सलं, सगळं धरून. त्यातून जे पुन्हा करायचं नाही ते वजा करा आणि उरलेल्याला उरलेल्या महिन्यांनी भागा. तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात. जानेवारीत सुरुवात केली तर बारावा हिस्सा, सप्टेंबरात केली तर चौथा. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर आधी अंथरूण मोजलं पाहिजे, आणि बहुतेक घरांत ते कुणी मोजलेलंच नसतं.

रिबिनी, कागद, तारे, माळा हे २६ डिसेंबरनंतर उतरलेल्या भावात घेऊन खोक्यात भरून ठेवावं. खोक्याच्या आत काय आहे ती चिठ्ठी झाकणावर चिकटवा, नाहीतर पुढच्या वर्षी तेच पुन्हा विकत घेतलं जातं.


खमंग

मोगराकळी, छोटा ओव्हन पुरे आहे. शॉर्टब्रेड, म्हणजे लोण्याची खुसखुशीत बिस्किटं, करा. प्रमाण वजनाने एक-दोन-तीन: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. लोणी मऊ हवं, पातळ नको. साखर-लोणी एकजीव झालं की मैदा घालून नुसता गोळा जमेल इतपतच हात लावायचा, कणकेसारखं मळलं तर बिस्किट चिवट होतं. त्याचा दंडगोल करून कागदात घट्ट गुंडाळायचा आणि सरळ फ्रीझरमध्ये टाकायचा.

आधीच्या तयारीला याच्याइतकं सोपं काही नाही. असे दंडगोल दोन-तीन महिने फ्रीझरमध्ये नीट राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सवडीने एकेक करून ठेवा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर काढून थोडे नरम होऊ द्या, सुरीने बोटभर जाड चकत्या कापा आणि १६० अंशांवर कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत भाजा. मधला भाग फिकटच राहिला पाहिजे. गरम असताना हात लावला तर मोडतात, ट्रेवरच निवू द्या. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे खुसखुशीत राहतात. लिंबाची किसलेली साल, कॉफी, भरडलेले बदाम, असं एकाच गोळ्यातून तीन-चार चवींचं करता येतं. सुईदोराताईंनी म्हटलेलं 'दोनच प्रकार' इथे अगदी बसतं.

भाजायचंच नसेल तर बरणीत कोरडं मिश्रण भरून द्या. मैदा, कोको, साखर, चॉकलेटचे तुकडे असे थर एकावर एक दाबून भरले की बरणी बाहेरूनच सुरेख दिसते. सोबत चिठ्ठी: यात एवढं लोणी आणि एवढी अंडी घाला, इतक्या अंशांवर इतका वेळ भाजा. मात्र ही कृती स्वतः एकदा करून पाहिल्याशिवाय कुणाला देऊ नका.

आता एक गंभीर गोष्ट. लसूण किंवा ताजी हिरवी पानं घातलेलं तेल बाटलीत भरून भेट देण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते. कृपा करून हे करू नका. तेलात बुडालेल्या लसणाला हवा मिळत नाही, आम्लता नसते, आणि अशा ठिकाणी बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो. तेलाचा वास, रंग, चव काही बदलत नाही, त्यामुळे खाणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. असं तेल घरासाठी केलंत तरी फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. दुकानातलं आम्ल घालून केलेलं असतं, ती गोष्ट निराळी. वाळवलेली पानं आणि मीठ एकत्र कुटून मसाला-मीठ द्या, ते महिनोन् महिने टिकतं आणि कुणाच्या जिवाला घोर नाही.

प्रत्येक खाऊवर आत काय आहे आणि कधी केलं ते लिहायचंच. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, अंडं, गहू यांची ॲलर्जी असणारं कुणीतरी घरात असतंच.


तिघांचीआई

मुलांना घेऊन करण्यासारखं सांगते. मिठाच्या कणकेचे तारे. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी. पाणी हळूहळू, सगळं लागेलच असं नाही. लाटून कापायचं, दोरा ओवायला पेनाच्या टोकाने भोक पाडायचं (ओलं असतानाच, वाळल्यावर पाडायला गेलं की तुकडा पडतो). मंद ओव्हनमध्ये, शंभर ते एकशेवीस अंशांवर, दोन-तीन तास. ओव्हन नसेल तर पंख्याखाली दोन-तीन दिवस, मधूनमधून उलटायचे. पूर्ण सुकल्यावरच रंग. धाकट्याच्या हाताचा ठसा उमटवून मागे वर्ष कोरलं की आजी-आजोबांसाठी दुसरं काही शोधावं लागत नाही.

घरात कुत्रं असेल तर हे तारे झाडाच्या खालच्या फांद्यांना अजिबात लावू नका. यात मीठ इतकं असतं की कुत्र्याने चार-दोन खाल्ले तर त्याला विषबाधा होऊ शकते. कच्ची कणीकही त्याच्या तोंडाला लागू देऊ नये.

संत्र्याच्या चकत्याही छान होतात. अर्धा सेंटिमीटर जाड, फडक्याने टिपून शंभर अंशांवर तीन-चार तास, दर तासाला उलटत. खिडकीत टांगल्या की उन्हात काचेसारख्या दिसतात. दमट हवेत मात्र बुरशी धरतात, तेव्हा अगदी आठवडाभर आधीच करा.


पानगळ

सगळं खरं, पण मनात एक आहे ते विचारते. आमच्याकडे भेट म्हणजे 'केवढ्याची आणली' हे बघणारी माणसं आहेत. हातची वस्तू दिली की 'हात आखडता घेतला' असं कानावर येतं. दिलेल्या वस्तूकडे बघून झालेला चेहराही दिसतो. अशा वेळी काय करता? मला मनापासून घरी करायला आवडतं, पण दरवर्षी हे ऐकायची ताकद नाही.


जुनाबाक

पानगळ, बोला. तेही वेळेवर, म्हणजे कुणी खरेदी सुरू करायच्या आत. ऑक्टोबरात घरातल्या मोठ्यांना एकत्र गाठून सरळ सांगायचं, 'यंदा मोठ्यांनी मोठ्यांना काही द्यायचं नाही, फक्त मुलांना द्यायचं', किंवा 'चिठ्ठ्या टाकू, ज्याच्या वाट्याला जो येईल त्याला एकच भेट'. दहा जणांनी प्रत्येकाला द्यायचं म्हटलं तर नव्वद भेटी होतात, चिठ्ठ्या टाकल्या तर दहा. माझा अनुभव असा की हे वाक्य पहिल्यांदा कुणीतरी बोलायची सगळे वाट बघत असतात. ज्याला परवडत नाही तो कधीच बोलत नाही, म्हणून ज्याला परवडतं त्याने बोलावं. यात मोठेपणा आहे असं मी मानतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हे सुचवू नका. तोवर लोकांनी वस्तू आणलेल्या असतात आणि उगीच मनं दुखावतात.

शुभेच्छापत्राबद्दलही थोडं. छापील नाताळ-पत्राची सुरुवात १८४३ सालची, लंडनमधली. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना सगळ्यांना हाताने पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि ते छापून घेतलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १८४० साली, एका पेनीत देशभर पत्र धाडायची सोय झालेली होती, त्यामुळे पत्रांचा ओघही वाढला होता. म्हणजे छापील कार्ड जन्मालाच आलं ते पत्र लिहायला वेळ नाही म्हणून. आता आपण उलट जाऊ. दोन पानी पत्र लिहा. 'या वर्षी तू अमुक केलंस ते मला फार आवडलं होतं' असं एक ठोस वाक्य त्यात असू द्या. कागद आणि शाई, एवढाच खर्च. वय झालेल्या माणसाला तर याहून मोठी भेट नाही. माझ्या उशाशी अशी पत्रं आहेत.


पानगळ

धन्यवाद काका. चिठ्ठ्यांचं मी या रविवारीच घरी काढते.


फेसाळ

साबणाचा उल्लेख आलाय आणि मोगराकळींना भीती वाटते म्हणाल्या, म्हणून लिहितेय. भीती रास्त आहे. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळतो. पण नियम पाळले तर काम शिस्तीत होतं.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, उसळी मारतं. थंड पाणी घ्या, सोडा पडला की ते आपोआप कढत होतं. वाफ तोंडावर घेऊ नका, खिडकी उघडी हवी. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्या. भांडं स्टीलचं किंवा जाड, गरम सोसणाऱ्या प्लॅस्टिकचं. ॲल्युमिनियमला सोडा खातो. मुलं आणि जनावरं त्या खोलीत नकोत. आणि सगळं वजनकाट्यावर, ग्रॅममध्ये. वाटी-चमच्याने साबण होत नाही.

माझं नेहमीचं प्रमाण: ३५० ग्रॅम ऑलिव्ह तेल, १५० ग्रॅम खोबरेल, ७१ ग्रॅम सोडा, १५० ग्रॅम पाणी. यात सुमारे पाच टक्के तेल मुद्दाम जास्तीचं राहतं, म्हणजे साबण कातडीला कोरडा लागत नाही. तेल बदललंत तर सोड्याचं प्रमाण बदलतं, कारण प्रत्येक तेलाला सोडा कमी-जास्त लागतो. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम आणि ऑलिव्हला ०.१३५. म्हणून एका तेलाच्या जागी दुसरं तसंच घालू नका, आकडेमोड करा.

तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही कोमट झालं की एकत्र करून हँड ब्लेंडरने थांबत थांबत फिरवायचं. आधी ते नुसतं पिवळट तेल दिसतं. मग रंग फिका होत जातो, आणि एक वेळ अशी येते की ब्लेंडर उचलून त्यावर धार सोडली की धारेची रेघ क्षणभर वर तशीच राहते. तिथे थांबायचं आणि साच्यात ओतायचं. दुधाच्या रिकाम्या खोक्याचा साचा उत्तम, विकतचा लागत नाही. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या, सहा-सात होतात, आणि हवा खेळेल अशा जागी एकमेकींना न टेकवता मांडायच्या. पुढचे चार ते सहा आठवडे फक्त वाट बघायची. पाणी उडून जातं, वडी कडक होते आणि पाण्यात पडली तरी लवकर विरघळत नाही.

ज्यांना सोड्याच्या वाटेला जायचंच नाही त्यांनी तयार साबणाचा पाया (सोप बेस) आणून वितळवून साच्यात ओतावा. तो त्याच दिवशी वापरता येतो. महाग पडतो, पण शेवटच्या आठवड्यात चालतो.


सुईदोरा

फेसाळ, किती नीट लिहिलंत! ती धारेची रेघ शब्दांत सांगणं कठीण असतं.

विणकामाचं माझं राहूनच गेलं. स्वेटरच्या फंदात नाताळसाठी पडू नका. अंगाचं माप घ्यावं लागतं, म्हणजे गंमत जाते, आणि चुकलं तर घालणाऱ्याची पंचाईत. टोपी, मफलर, पायमोजे, गरम भांडी धरायचे चौकोन. जाड लोकर आणि जाड सुया घेतल्या की टोपी एक-दोन संध्याकाळींत उतरते. तेवढ्यात बारीक लोकरीची पट्टीही पूर्ण होत नाही. लोकर घेताना लागेल तेवढी एकदम घ्या आणि सगळ्या गुंड्यांवरचा रंगाचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) एकच आहे ना ते पाहा. वेगळ्या लॉटची गुंडी दुकानात सारखीच दिसते, पण विणल्यावर मफलरच्या मधोमध रंगाची रेघ उमटते. लोकरीवरची कागदी पट्टी फेकू नका. वस्तूसोबत द्या, म्हणजे धुवायचं कसं ते त्यांना कळेल. शुद्ध लोकर गरम पाण्यात घातली की आटते, आणि मग कुणाच्या कित्येक संध्याकाळी बाहुलीच्या मापाच्या होऊन बसतात.

आणि पानगळ, जुनाबाक काकांनी सांगितलं त्यात माझीही भर. किंमत बघणाऱ्या माणसाला घरगुती वस्तू द्यायचीच असेल तर ती त्याच्या रोजच्या वापरातली असू द्या. शोभेची दिली तर तोलली जाते, वापरायची दिली तर वापरली जाते.


हिरवाकोपरा

रोपांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मोगराकळी, तुमच्या चौदा नावांसाठी हे बघा.

मनी प्लांटची फांदी पेराच्या अर्धा-एक इंच खाली कापायची. पेर म्हणजे पान फुटतं ती गाठ. तिथेच तपकिरी टोकासारखं हवेतलं मूळ दिसतं. ती गाठ पाण्यात बुडली पाहिजे, पान बुडता कामा नये. काचेच्या बरणीत, उजेडात पण थेट उन्हात नको, दर चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं. दोन ते चार आठवड्यांत मुळं चांगली लांब होतात. थंडीत वेळ जास्त लागतो म्हणून ऑक्टोबरातच कापा. एका वाढलेल्या वेलातून दहा-पंधरा भेटी सहज निघतात. जॅम-लोणच्यांच्या रिकाम्या बरण्या आतापासून धुऊन जमवत राहा. लेबलाचा चिकटा राहिला तर खाण्याचं तेल आणि खायचा सोडा कालवून लावा, थोड्या वेळाने घासलं की निघतो.

कोरफडीच्या मोठ्या कुंडीत शेजारी पिल्लं आलेली असतात, तीही वेगळी करून देता येतात. काढल्यावर दोन-तीन दिवस सावलीत जखम सुकू द्या, मग लावा, नाहीतर कुजतात. अमरिलिसचा कंद लावल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी फुलतो, म्हणजे नाताळात फूल हवं तर ऑक्टोबरच्या शेवटी ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावावा. एखादा आठवडा इकडे-तिकडे होतो, पण कळी वर आलेली कुंडीसुद्धा देण्यासारखीच असते. उमलताना बघायचं सुख घेणाऱ्याला मिळतं. हा कंद आणि पानं मांजर-कुत्र्यांना विषारी असतात, आणि मनी प्लांटही त्यांनी चावलेला चांगला नाही. जनावरांच्या घरी दुसरं काहीतरी द्या.


हिशेबनीस

रोपांना माझं पूर्ण अनुमोदन. यात खर्च नावालाच आहे.

गुंडाळायच्या कागदाबद्दल एक. चकाकणारा कागद हातात चुरगळून सोडा. चुरगळलेलाच राहिला तर बहुधा कागदच आहे, रद्दीत जाऊ शकतो. परत उलगडला तर त्यात प्लॅस्टिक किंवा धातूचा थर आहे. चमकी लावलेलाही रद्दीत घेत नाहीत. साधा तपकिरी कागद आणि सुतळी पुष्कळ झाली. बटाटा कापून त्यावर तारा कोरून ठसे मारले की मुलांचा अख्खा दुपारचा वेळही कारणी लागतो. नाहीतर कापडात बांधा. चौकोनी रुमाल, जुनी ओढणी, धुतलेला पडद्याचा तुकडा. ते कापड पुढच्या वर्षी दुसऱ्या भेटीवरून फिरून आपल्याकडे येतं.

पार्सलाने पाठवायचं असेल तर वजन बघून भेट निवडा. बरणी आणि मेणबत्ती पाठवायला वस्तूपेक्षा जास्त खर्च येतो. टोपी, पत्र, कापडी पिशवी हलकी. ती डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात टाका.


निळीशाई

मी धागा उशिरा वाचतेय. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ, सुरू झाला, आमच्याकडे पहिल्या रविवारची मेणबत्ती पेटली आणि माझ्या हाती अजून काहीच नाही. नाताळला चारच आठवडे उरलेत. यंदा राहू द्यावं का? दोन नणंदा, जाऊ, सासूबाई, तीन भाचरं आणि दोन मैत्रिणी एवढी नावं आहेत.


सुईदोरा

निळीशाई, अजिबात राहू देऊ नका. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीही येतो, म्हणजे तिथून निदान तीन आठवडे तरी मिळतातच. व्हॅनिलाचा अर्क आता होणार नाही. त्याऐवजी एक शेंग उभी चिरून बारीक साखरेच्या बरणीत खोचून ठेवा, दोन आठवड्यांत साखरेला वास लागतो. सासूबाईंना पत्र आणि सोबत साखर. नणंदा-जावेला खमंगने सांगितलेली बिस्किटं, तीन चवींची, कापडात बांधून. ओव्हन एकच आहे, तेव्हा एका संध्याकाळी तिघींचं मिळून करा. भाचरांना बरणीतलं कोरडं मिश्रण द्या, त्यांना स्वतः भाजायला मिळेल. मैत्रिणींना वाट बघायला हरकत नसेल तर एक सुचवते. नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही, तिथून बारा दिवस चालतो आणि ६ जानेवारीला बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांचा सण येतो. त्या दिवसांत भेटायला जाल तेव्हा द्या, तेवढे जास्तीचे दिवस तुमचे.


फेसाळ

साबणही देता येईल. या आठवड्यात ओतलात तर नाताळात वडी कापलेली आणि बऱ्यापैकी वाळलेली असेल, फक्त वापरायला तयार नसेल. वरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: '२० जानेवारीनंतर वापरा, तोवर कपड्यांच्या कपाटात उघडी ठेवा.' लोक ते आनंदाने पाळतात, कपड्यांनाही वास लागतो. मात्र ज्या घरात लहान मुलं हाताला लागेल ते घेतात, तिथे न वाळलेली वडी नको.


निळीशाई

मैत्रिणींना साबण पक्का. एकीचं घर मुलांचं आहे, तिच्यासाठी मनी प्लांट बघते. आमच्या जिन्यातला वेल छतापर्यंत गेलाय, आज संध्याकाळीच कापते. हिरवाकोपरा, पान पिवळं पडायला लागलं असेल अशी फांदी घेतली तर चालते का?


हिरवाकोपरा

नको, टवटवीत पानांची घ्या आणि दोन पेरं पाण्यात जातील एवढी लांब. पिवळं पान असेल तर ते कापून टाका, पाण्यात ठेवलंत तर सडतं आणि सगळं पाणी खराब करतं. चार हव्या असतील तर सहा फांद्या कापा, एखादी धरत नाही.


मोगराकळी

माझं ठरलं. सात जणांना शॉर्टब्रेड, सात जणांना रोपं. बरण्या जमवायला शेजारणींना सांगून ठेवलंय. हिशेबनीस, तुमचं ते पाकीटही केलंय, त्यावर पुढच्या नाताळचं साल लिहिलंय.